अवधाणाच्या आत: त्वचेच्या संसर्गानंतर स्मृतिपेशी घडताना पाहायच्या असतील तर

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हाताची चिघळली की काखेत. ही लसिकागाठ का सुजते हे साधारण सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती सुजलेली असतानाच्या चार-पाच दिवसांत तिच्या आत पुढच्या कित्येक महिन्यांच्या, कधी वर्षांच्या रोगप्रतिकारक स्मृतीचा, म्हणजे तोच जंतू पुन्हा आला तर ओळखणाऱ्या पेशींचा, पाया घातला जातो. माणसाच्या गाठीत बारीक सुई घालून थोड्या पेशी ओढून घेता येतात, पण दर बारा तासांनी अख्खी गाठ काढून पाहता येत नाही. म्हणून हे काम उंदरावर होतं.

आम्ही वापरतो ते मॉडेल म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स टाइप १ या विषाणूचा कुशीवरच्या त्वचेतला संसर्ग. मेलबर्नच्या संशोधकांनी या मॉडेलवर इतकं काम केलं आहे की बाकीचे सगळे त्यांच्याच पद्धतीत थोडाफार फेरफार करून वापरतात. यातली गंमत अशी की विषाणू त्वचेतून चेतातंतूत शिरतो, पाठीच्या कण्यालगतच्या चेतागुच्छात पोचतो आणि तिथून त्याच चेतेच्या शाखांनी परत त्वचेवर उतरतो. पाचव्या-सहाव्या दिवशी उंदराच्या कुशीवर नागिणीसारखा पट्टा उठतो. माणसातल्या नागिणीचा विषाणू वेगळा, पण पट्टा तसाच. म्हणजे एकाच प्राण्यात आपल्याला संसर्गाची मूळ जागा, पसरलेली जागा, तिथलं लसिकाद्रव जिच्यात उतरतं ती गाठ आणि संसर्ग न लागलेली त्वचा अशा चारही गोष्टी मिळतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तिसाव्या दिवशी गाठ काढली तर काय तयार झालं ते कळतं. कसं तयार झालं ते बघायचं असेल तर पहिले ७२ तास हातचे घालवून चालत नाही. बहुतेक फसलेले प्रयोग इथेच फसतात: स्मृती म्हणजे संसर्ग ओसरल्यावरची गोष्ट, असं धरून सगळी मेहनत शेवटच्या दिवसावर ठेवली जाते.

सुरुवात उंदराच्या केसांपासून. काळ्या सी५७ जातीच्या उंदराची त्वचा सात ते नऊ आठवड्यांच्या वयात सहसा विश्रांतीच्या अवस्थेत असते. केस काढल्यावर ती गुलाबी दिसते. राखाडी किंवा काळपट दिसली तर केसांची वाढ चालू आहे, त्वचा जाड आहे आणि संसर्ग सारखा लागणार नाही. असा उंदीर बाजूला ठेवावा. केस मशीनने काढून वरून केस घालवायचं मलम लावतो, पण मिनिटाभराच्या आत ते ओल्या कापसाने पूर्ण पुसून घेतो. मलम जास्त वेळ राहिलं तर त्वचा भाजते, आणि भाजलेल्या त्वचेनेही गाठ सुजते. नुसतं खरवडून विषाणूऐवजी मीठपाण्याचा थेंब सोडलेला एक गट प्रत्येक वेळी हवाच. नाहीतर गाठीतल्या वाढीतला किती भाग विषाणूमुळे आणि किती खरवडण्यामुळे, हे शेवटपर्यंत कळत नाही.

संसर्गाच्या आदल्या दिवशी उंदरात टी-पेशी (विषाणू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सोडायच्या असतात. जीबीटी-१ नावाच्या जनुकबदल केलेल्या उंदरांच्या सीडी८, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या, टी-पेशी विषाणूच्या ‘बी’ ग्लायकोप्रोटीनचा एकच आठ अमिनो आम्लांचा तुकडा ओळखतात. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी४५.१ या प्रथिनाची खूण असते आणि ज्या उंदरात सोडायच्या त्याच्या पेशींवर सीडी४५.२, त्यामुळे नंतर त्या वेगळ्या ओळखता येतात. शेपटीच्या शिरेतून २०० मायक्रोलिटरमध्ये ५०,००० पेशी हे नेहमीचं प्रमाण.

हा आकडा वाटतो तितका साधा नाही. सोडलेल्या पेशींपैकी साधारण दहा टक्केच टिकतात, म्हणजे ५,००० च्या आसपास. संसर्ग न झालेल्या उंदरात एका प्रतिजनासाठीच्या (पेशी ओळखते त्या विषाणूच्या तुकड्यासाठीच्या) मूळच्या सीडी८ पेशी काही डझनांपासून काही शेकड्यांपर्यंतच असतात. म्हणजे ५०,००० सोडल्या तरी आपण निसर्गाच्या कित्येक पट वर गेलेलो असतो. दहा लाख सोडल्या तर फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशींवरच्या खुणा रंगाने मोजणाऱ्या यंत्रावर, चित्र छान दिसतं, पण त्या पेशी प्रतिजन दाखवणाऱ्या डेंड्रायटिक पेशींसाठी आपापसात झुंबड करतात, प्रत्येकीला उत्तेजन कमी मिळतं, विभाजन लवकर थांबतं आणि शेवटी मध्यवर्ती (गाठींत ये-जा करणाऱ्या) स्मृतिपेशींचं प्रमाण फुगलेलं दिसतं. तो विषाणूचा गुण नसतो, सिरिंजचा असतो. पहिल्या तीन दिवसांचं विभाजन मोजायचं असेल तेव्हा जास्त पेशी सोडाव्याच लागतात, कारण त्याशिवाय गाठीत मोजण्याइतक्या सापडत नाहीत. महिन्याभराच्या स्मृतीसाठी मात्र १,००० ते ५०,००० च्या मध्येच राहावं, आणि दोन्ही प्रयोगांचे आकडे एकाच आलेखात घालू नयेत.

विभाजन मोजण्यासाठी पेशी सोडण्यापूर्वी सेलट्रेस व्हायोलेट या चमकणाऱ्या रंगाने रंगवतो: ५ मायक्रोमोलर, ३७ अंशाला १० मिनिटं, मग सीरम घातलेल्या माध्यमाने दोनदा धुणं. रंगवताना मात्र सीरम नको. त्यातली प्रथिनं रंग शोषून घेतात आणि पेशी फिक्या राहतात. दर विभाजनाला चमक निम्मी होते. सात-आठ विभाजनांनंतर ती पेशीच्या स्वतःच्या चमकेत मिसळून जाते, त्यामुळे चौथ्या दिवसानंतर या रंगाचा उपयोग उरत नाही.

संसर्गाच्या दिवशी केटामाइन आणि झायलाझिनची भूल, डोळ्यांना मलम. प्लीहेच्या टोकाच्या वर, कुशीवर, काही मिलिमीटरचा गोल भाग छोट्या फिरत्या ग्राइंडरच्या टोकाने हलकेच घासायचा. त्वचा चकाकली पाहिजे, रक्त येता कामा नये. रक्त आलं की विषाणू वाहून जातो आणि थोडा थेट रक्तातही जातो. त्या जागी १० मायक्रोलिटरमध्ये दहा लाख पीएफयू (संसर्ग करू शकणारे कण) विषाणू सोडून, बोटाने पसरवून, वर पारदर्शक ड्रेसिंग आणि चिकटपट्टी. पट्टी दोन दिवसांनी काढतो. विषाणू उणे ८० अंशातून काढून बर्फावर वितळवावा आणि उरलेला टाकून द्यावा. पुन्हा गोठवला की जिवंत कण झपाट्याने घटतात आणि पुढच्या वेळचे ‘दहा लाख’ कागदावरच राहतात.

आता गाठ. कुशीच्या वरच्या भागाचं लसिकाद्रव मुख्यतः ब्रॅकियल गाठीत जातं; संसर्ग थोडा खाली झाला तर जांघेच्या गाठीतही. ब्रॅकियल गाठ खांद्याच्या फऱ्याच्या मागे, चरबीत, त्वचेच्या जवळ असते. काखेची ॲक्सिलरी गाठ त्याहून खोल, छातीच्या स्नायूखाली. नवशिक्यांच्या हातून या दोन गाठींची अदलाबदल फार होते, आणि मग ‘दुसऱ्या दिवशी काहीच दिसलं नाही’ असा निष्कर्ष निघतो. शंका असेल तर एक उंदीर खर्ची घालावा: संसर्गाच्या जागी त्वचेत इव्हान्स ब्लू टोचून पंधरा-वीस मिनिटांनी उघडावं. जी गाठ निळी, ती आपली. चरबी आणि गाठ यांतला फरक कळत नसेल तर तुकडा पीबीएस या मीठपाण्याच्या द्रावणात टाकावा. चरबी तरंगते, गाठ बुडते.

टी-पेशीच हव्या असतील तर ७० मायक्रॉनच्या जाळीवर सिरिंजच्या दट्ट्याने गाठ चिरडली की पुरतं. डेंड्रायटिक पेशी हव्या असतील तर असं चालत नाही, त्या ऊतीच्या जाळ्याला घट्ट धरून असतात. गाठीचे बारीक तुकडे करून कोलॅजिनेज (मिलिलिटरला १ मिलिग्रॅम) आणि डीएनेज या एन्झाइममध्ये खोलीच्या तापमानाला २० मिनिटं ढवळायचे, मग पाच मिनिटं ईडीटीए, म्हणजे टी-पेशींना चिकटलेल्या डेंड्रायटिक पेशी सुटतात.

पहिल्या दिवशी गाठ उघडली तर ती नुसतीच जड वाटते. पेशींची संख्या वाढलेली असते पण विभाजन नसतं. गाठीत येणाऱ्या पेशींचा ओघ वाढतो आणि बाहेरचा रस्ता बंद होतो. इंटरफेरॉन या संसर्गाची सूचना देणाऱ्या प्रथिनामुळे टी-पेशींवर सीडी६९ चढतो, तो एस१पी१ या ग्राहीला पेशीच्या आत ओढून घेतो, आणि ती ग्राही नसेल तर पेशीला बाहेरची वाट सापडत नाही. सीडी६९ दिसला म्हणजे पेशीने प्रतिजन ओळखलं, असं म्हणूनच म्हणता येत नाही. पहिल्या दिवशी गाठीतल्या भलत्याच टी-पेशींवरही तो दिसतो. आम्ही त्याबरोबर सीडी२५ ही प्रतिजन ओळखल्यावर चढणारी खूण पाहतो आणि विरुद्ध बाजूची गाठ शेजारी ठेवतो.

त्वचेतून निघालेल्या डेंड्रायटिक पेशी साधारण दिवसाभरात गाठीत येतात. लँगरहान्स पेशींना बाह्यत्वचेतून सुटून यायला आणखी दोन-तीन दिवस लागतात. सीडी४, म्हणजे मदतनीस, टी-पेशींना प्रतिजन दाखवण्याचं पहिलं काम या बाहेरून आलेल्या पेशी करतात. सीडी८ टी-पेशींचं मुख्य काम मात्र गाठीतच राहणाऱ्या, एक्ससीआर१ ही खूण असलेल्या डेंड्रायटिक पेशींकडे जातं, आणि ते थोडं उशिरा. प्रतिजन त्यांच्याकडे हस्ते-परहस्ते पोचतं. सीडी४ आणि सीडी८ दोघीही एकाच एक्ससीआर१ पेशीभोवती जमतात तेव्हा सीडी४ ची मदत पोचते. ही मदत न मिळालेल्या सीडी८ पेशी सातव्या दिवशी कमीअधिक दिसतील, पण महिन्याभराने पुन्हा त्याच विषाणूशी गाठ पडली की धड वाढत नाहीत. स्मृतीचा दर्जा दुसऱ्या दिवशीच्या या भेटीत ठरतो, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

जिवंत गाठीत टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिलं तर टी-पेशींच्या वागण्याचे तीन टप्पे दिसतात. २००४ साली उंदराच्या गुडघ्यामागच्या गाठीत ते पहिल्यांदा स्पष्ट झाले. पहिले आठ तास उडत्या भेटी, पुढचे बारा तास एकाच डेंड्रायटिक पेशीला चिकटून राहणं, मग पुन्हा मोकळं फिरणं आणि विभाजन. तो प्रयोग विषाणूचा नव्हता, त्यामुळे तासांचे आकडे जसेच्या तसे इथे लावू नयेत. क्रम मात्र तोच. आमच्या मॉडेलमध्ये ३६ तासांना सेलट्रेसची शिखरं जेमतेम फुटलेली असतात, ६० तासांना तीन-चार शिखरं आणि ७२ तासांना बहुतेक पेशी रंगाच्या तळाला. म्हणजे एका विभाजनाला सहा तासांच्या आसपास. ४८ आणि ७२ तासांचेच दोन बिंदू घेणाऱ्याला मधला सगळा चढ दिसत नाही. ३६, ४८, ६०, ७२ असे बिंदू घ्यावेत. रात्री यावं लागतं, त्याला इलाज नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी एस१पी१ पुन्हा वर येतो आणि पेशी रक्तात निघतात. या दिवशी विरुद्ध बाजूच्या गाठीतही विभाजित पेशी सापडल्या तर संसर्ग पसरला असं समजू नये. त्या रक्तावाटे तिथे पोचलेल्या असतात.

सातव्या-आठव्या दिवशी संख्या शिखरावर असते आणि आता फाटे मोजता येतात. केएलआरजी१ जास्त आणि सीडी१२७ कमी असलेल्या पेशी बहुतांशी लढून संपणाऱ्या. केएलआरजी१ कमी, सीडी१२७ जास्त आणि केंद्रकात टीसीएफ१ हा ट्रान्सक्रिप्शन घटक (जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन) टिकून असलेल्या पेशींत पुढच्या स्मृतीचं बीज असतं. त्वचेत मुक्काम करणाऱ्या स्मृतिपेशीही केएलआरजी१ नसलेल्या गटातूनच येतात. ही विभागणी टक्क्यांची आहे, शिक्क्याची नाही: केएलआरजी१ असलेल्या काही पेशीही टिकतात, आणि सीडी१२७ असलेल्या सगळ्याच टिकत नाहीत. टीसीएफ१ केंद्रकात असल्यामुळे पेशी फिक्स करून आत रंग पोचवावा लागतो. त्यासाठी ट्रान्सक्रिप्शन घटकांसाठीचा किटच वापरावा. सायटोकाइनसाठीचा (पेशींच्या संदेशप्रथिनांसाठीचा) सौम्य किट वापरला तर टीसीएफ१ सगळीकडे मंद दिसतो आणि फाटाच नाहीसा होतो.

यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी मरतात. या काळात पाहण्यासारखं थोडंच असतं.

तिसाव्या दिवशी गाठीत राहिलेल्या पेशी मुख्यतः मध्यवर्ती स्मृतीच्या: सीडी६२एल आणि सीसीआर७ असलेल्या, रक्तातून गाठीत ये-जा करणाऱ्या. सीसीआर७ वरून मध्यवर्ती आणि परिघावरच्या (रक्त आणि ऊतींत फिरणाऱ्या) स्मृतिपेशी वेगळ्या ओळखण्याची पद्धत १९९९ पासूनची. सीडी६२एल हा मोठा दगाबाज मार्कर आहे. पेशी उबदार ठेवल्या, कोलॅजिनेजमध्ये जास्त वेळ राहिल्या किंवा गोठवून वितळवल्या की तो पृष्ठभागावरून तुटून पडतो आणि मध्यवर्ती पेशी परिघावरच्या भासू लागतात. गाठ काढल्यापासून रंग देईपर्यंत सगळं बर्फावर, आणि स्मृतीच्या दिवसांचे नमुने त्याच दिवशी सायटोमीटरवर.

तिसरा प्रकार म्हणजे ऊतीतच वस्ती केलेल्या, रक्तात परत न येणाऱ्या पेशी. सीडी६९ आणि सीडी१०३ या खुणांच्या अशा पेशी याच हर्पिस मॉडेलमध्ये बऱ्या झालेल्या त्वचेच्या बाह्यस्तरात आणि चेतागुच्छात सापडल्या, ते काम २००९ मध्ये आलं. त्वचेत टिकायला त्यांना टीजीएफ-बीटा आणि आयएल-१५ ही संदेशप्रथिनं लागतात. पण त्यांचीही थोडी तयारी गाठीतच होते: त्वचेतून आलेल्या डेंड्रायटिक पेशी गाठीत टीजीएफ-बीटा जागा करून संसर्गापूर्वीच्या कोऱ्या सीडी८ पेशींनाही त्या वाटेसाठी तयार ठेवतात, असं २०१९ मध्ये दिसलं. शिवाय त्वचेतल्या वस्तीकर पेशींपैकी काही नंतर लसिकावाहिनीतून त्याच बाजूच्या गाठीत उतरून तिथेच मुक्काम ठोकतात. म्हणून संसर्गाच्या बाजूच्या गाठीतल्या सगळ्या स्मृतिपेशींना ‘मध्यवर्ती’ म्हणून मोकळं होऊ नये; सीडी६९ आणि सीडी६२एल सोबत लावावेत आणि विरुद्ध गाठीशी ताडून पाहावेत.

त्वचेतून या पेशी काढणं हा सगळ्यात किचकट भाग. त्वचेचा तुकडा डिस्पेज या एन्झाइमवर (मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅम) ३७ अंशाला ९० मिनिटं ठेवला की बाह्यत्वचा चिमट्याने सालीसारखी सुटते. ती ट्रिप्सिन-ईडीटीएमध्ये अर्धा तास, आतली त्वचा कोलॅजिनेज आणि डीएनेजमध्ये अर्धा तास. यात दोन ठिकाणी नुकसान होतं. एक, एन्झाइमने काही खुणा कापल्या जातात. प्रत्येक नवा अँटिबॉडी वापरण्यापूर्वी प्लीहेच्या पेशी त्याच एन्झाइममध्ये तितकाच वेळ ठेवून पाहाव्यात. दोन, आणि हे जास्त महाग पडतं: वस्तीकर पेशींवर पी२आरएक्स७ ही ग्राही भरपूर असते. ऊती फाटताना जखमी पेशींतून एनएडी हा रेणू सांडतो, एआरटीसी२ नावाचं एन्झाइम तो वापरून ही ग्राही कायमची उघडी करतं, आणि पेशी ३७ अंशाला पटापट मरतात. सायटोमीटरवर आपल्याला वाटतं की वस्ती विरळच होती. उपाय ठरलेला आहे. उंदीर मारण्यापूर्वी पंधरा ते तीस मिनिटं एआरटीसी२ रोखणारी नॅनोबॉडी, म्हणजे लहान आकाराची अँटिबॉडी, ५० मायक्रोग्रॅम शिरेतून द्यावी. ती न देता काढलेल्या पेशींच्या कार्यक्षमतेवर, म्हणजे पुन्हा उत्तेजित केल्यावर त्या इंटरफेरॉन-गॅमा किती काढतात यावर, आम्ही भरवसा ठेवत नाही. नॅनोबॉडी देऊनही संख्येसाठी सूक्ष्मदर्शकाखालचा छेदच खरा. एन्झाइमने सोडवलेल्या पेशी नेहमी प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ कमी भरतात.

या मॉडेलची एक मर्यादा प्रयोग आखतानाच ध्यानात घ्यावी. हर्पिस चेतागुच्छात सुप्त राहतो, जात नाही. त्यामुळे तिसाव्या दिवशीची स्मृती पूर्णपणे प्रतिजनमुक्त असल्याचा दावा चेतागुच्छापुरता तरी करता येत नाही. तो प्रश्न महत्त्वाचा असेल तर आधी प्रयोगशाळेत उत्तेजित केलेल्या टी-पेशी सोडून त्वचेवर डीएनएफबी हे दाहक रसायन लावावं. विषाणू नसतानाही पेशी तिथे वस्ती करतात, आणि स्थानिक प्रतिजनाचा वाटा किती ते वेगळं मोजता येतं.

बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडांच्या बाजूच्या पेशी, आतापर्यंत बाजूला राहिल्या, कारण त्यांचं वेळापत्रक वेगळं आहे. टी-पेशींची गडबड ओसरत असताना, आठव्या दिवसाच्या सुमाराला, गाठीत जर्मिनल सेंटर (बी-पेशी वाढतात आणि निवडल्या जातात त्या जागा) नीट दिसू लागतात: जीएल७ आणि सीडी९५ असलेल्या, सीडी३८ कमी झालेल्या बी-पेशी. उंदरात स्मृती बी-पेशींवर सीडी३८ परत चढतो, त्यामुळे आयजीडी नसलेल्या आणि सीडी३८ जास्त अशा गटात त्यांना शोधतो. स्मृती बी-पेशी यातून तुलनेने लवकर बाहेर पडतात. प्रतिपिंडं सोडणाऱ्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी मागाहून निघतात आणि गाठीत थांबतच नाहीत, अस्थिमज्जेत जाऊन बसतात. सहाव्या आठवड्याला रक्तात प्रतिपिंडं भरपूर आणि गाठीत प्लाझ्मा पेशी नगण्य, हा विरोधाभास नाही. म्हणून त्या दिवशी गाठींच्या ट्यूबशेजारी मांडीच्या हाडासाठीही एक ट्यूब बर्फात तयार ठेवावी, आणि एलिस्पॉटच्या (प्रतिपिंडं सोडणाऱ्या पेशी मोजायच्या चाचणीच्या) प्लेटवर आदल्या संध्याकाळीच प्रतिजनाचा थर चढवून ठेवावा.